सात नंबरच्या बाटलीतलं रक्त

आधीच सांगतो, मी हे सदर वाचत नाही. आमची मंडळी वाचते. संध्याकाळच्या चहाला ती एखादा अनुभव मोठ्याने वाचून दाखवते आणि मी त्यात खोट काढतो... या माणसाला ताप होता, त्या बाईची झोप झाली नव्हती, इथे वायरिंग खराब असणार. माझं आयुष्य औषधं शिकण्यात आणि शिकवण्यात गेलं. आमच्या घरी कधी कुणाची दृष्ट काढली नाही, की दाराला लिंबू-मिरची बांधली नाही. गेल्या महिन्यात ती वैतागून म्हणाली, "उत्तर नाही असं तुमच्या आयुष्यात काहीच घडलं नाही का कधी?"

मी "नाही" म्हणालो. त्यानंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितोय. तिलाही हे छापून आल्यावरच कळेल.

यात वडाचं झाड नाही, अमावस्या नाही, पैंजणांचा आवाज नाही. जे घडलं ते दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात, वहीत आकडे लिहिता लिहिता घडलं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची. मी मूळचा जळगावकडचा, केळीच्या पट्ट्यातला. धुळ्याला एका कॉलेजात एम. फार्म. करत होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. देवपुरात खोली केली होती, दर शनिवारी एसटीने घरी जायचो. आमची लॅब पहिल्या मजल्यावर होती. पश्चिमेकडे चार खिडक्या, शेवटच्या खिडकीखाली डीप फ्रीजर, त्याच्या शेजारी गरम पाण्याचा एक टब. हा टब दिवसरात्र हळूहळू हलत असायचा.

आमचं काम काय होतं ते सांगतो, अवघड नाही. धुळे-शिंदखेडा एसटी डोळ्यांपुढे आणा. ज्यांना सीट मिळाली ते निवांत बसलेले, आणि बाकीचे दाराशी उभे. स्टॉप आला की आधी कोण उतरणार? दाराशी उभे असलेले. औषधाचंही तसंच असतं. रक्तात गेलं की त्यातलं बरंचसं रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतं. मोकळं राहतं ते थोडं, आणि काम करतं ते तेवढंच. गुण त्याचाच, आणि अपायही त्याचाच. शंभरातलं किती चिकटलं आणि किती मोकळं राहिलं, हे आम्ही मोजायचो.

मोजायची पद्धत साधी. रक्तातल्या पेशी काढल्या की वर पिवळसर पाणी उरतं, सीरम. प्रथिन त्यात असतं. सेलोफेनच्या नळीची बोटभर पिशवी करायची, तिच्यात सीरम भरायचं, दोन्ही तोंडं दोऱ्याने बांधायची आणि ती पिशवी औषधाच्या पाण्यात सोडायची. औषध त्या पातळ पडद्यातून आत-बाहेर जातं. प्रथिन मोठं, ते आतच अडकतं. रात्रभर टबात हलत ठेवलं की आतलं प्रथिन आपल्याला हवं तेवढं औषध धरून बसतं. सकाळी बाहेरच्या पाण्यात किती औषध उरलं ते मशीनवर बघायचं. झालं.

औषध होतं सांधेदुखीवरचं, त्या काळात सर्रास देत असत. प्रमाण जास्त झालं तर मात्र अंगात कुठूनही रक्त येतं आणि ते थांबत नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात हे औषध शंभरातलं नव्वदच्या वर चिकटलेलं असतं. पुस्तकात तसं आहे, आणि आमचंही तसंच येत होतं.

पिशव्या बांधायचं काम नामदेव आबांचं. आबा लॅब अटेंडंट होते. वय पंचावन्नच्या आसपास, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले. आम्ही बांधलेली पिशवी चारात एक तरी गळायची. आबांची कधीच गळली नाही. ते दोऱ्याचं एक टोक दातात धरून गाठ मारायचे आणि म्हणायचे, "गाठ हाऊ इश्वास शे भाऊ. एकदाव दिधा का सुटाले नको." गाठ म्हणजे विश्वास, एकदा दिला की सुटायला नको.

माझ्या एक वर्ष मागे वंदना होती. तीही शिंदखेड्याची. वडील पोस्टात, घर बौद्धवाड्यात, घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली. आबा तिच्याशी अहिराणीत बोलायचे, तिला आंडेर म्हणायचे, म्हणजे लेक. बाकी कुणी तिच्याशी फारसं बोलत नसे. आमचे गाईड... त्यांना मी नुसतं 'सर' म्हणतो... त्यांनी तिला वर्षभरात एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए शिंदखेडा, इकडे ये," असं म्हणायचे.

सरांना दहा माणसांच्या रक्तावर काम हवं होतं. आठ विद्यार्थी मिळाले, दोन कमी पडत होते. सर आबांना म्हणाले, "बाही वर कर." आबांनी केली. आणखी एक ग्रंथालयातला क्लार्क सापडला. दहा बाटल्या झाल्या. त्यांच्यावर नावं नव्हती, नुसते एक ते दहा आकडे. कोणता नंबर कुणाचा, ते एका कागदावर लिहून सरांनी तो कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि आपल्या कपाटात ठेवलं. मोजणाऱ्याला माहीत नसावं म्हणून असं करतात. त्यात गैर काही नव्हतं.

मोजायचं काम वंदनाकडे आलं. नऊ बाटल्यांचे आकडे नीट आले. सात नंबरचा आला शून्य.

शून्य म्हणजे काय ते लक्षात घ्या. त्या रक्तात प्रथिन भरपूर होतं, तिने वेगळं मोजून पाहिलं होतं. पण त्या प्रथिनाने औषधाचा कणही धरला नव्हता. पिशवीच्या आत जेवढं, बाहेर तेवढंच. एसटीच्या सगळ्या सीट रिकाम्या, आणि तरी सगळी माणसं दाराशी उभी... असं. तिने पिशवी गळते का पाहिलं. गळत नव्हती. नवं द्रावण करून परत केलं. शून्य. चार वेळा केलं, चारही वेळा शून्य.

मग ती सरांकडे गेली. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "सर, पाकीट उघडायला हवं. हा जो कोणी आहे, त्याला कुठल्या डॉक्टरने हे औषध दिलं तर साधा डोसही त्याच्या अंगात दहापट होईल. त्याला सांगायला हवं."

सर म्हणाले, "तुला पाकीट उघडून हवंय, की आपली चूक झाकून हवीय?"

"सर, चार वेळा केलंय."

"चार वेळा चुकलीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुभाष, सात नंबर तू कर. तीन पिशव्या लाव. शुक्रवारी सेमिनारला आकडे घेऊन ये."

मी केलं. तीन पिशव्या लावल्या, गाठी आबांनी मारून दिल्या. सकाळी मशीनवर वाचलं. तिन्हींत शून्य.

आता जे लिहितोय ते सैंतीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. माझा प्रबंध तेव्हा सरांच्या टेबलावर होता, सहीसाठी. जळगावच्या एका कॉलेजात माझी लेक्चररची जागा त्यांच्या एका पत्रावर ठरणार होती. आणि सरांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. मी कॅन्टीनमध्ये बसलो, चहा मागवला आणि तीन आकडे बनवले. हुबेहूब सारखे आकडे खोटे वाटतात, म्हणून थोडा फरक ठेवला. एक्क्याण्णव पॉइंट चार, ब्याण्णव पॉइंट एक, एक्क्याण्णव पॉइंट नऊ. मग उलटं गणित करून मशीनची रीडिंगं काढली... पॉइंट एकशे एकतीस, पॉइंट एकशे वीस, पॉइंट एकशे तेवीस. वहीत लिहिली, खाली तारीख टाकली, सही केली. चहा संपायच्या आत काम झालं होतं.

शुक्रवारी सरांनी वंदनाला फळ्यापाशी उभं केलं आणि तिचे आकडे मोठ्याने वाचायला लावले. तिने वाचले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. मग मला उभं केलं. मी माझे वाचले.

सर खुर्चीत मागे रेलले. "बोल. दोघांतलं खोटं कोण?"

ती माझ्याकडे बघत होती. मी फळ्याकडे बघत होतो.

"मी खोटी असेन सर," ती म्हणाली. "पण त्या माणसाला एकदा बोलावून तपासा. एवढंच करा."

सर म्हणाले, "सवलतीत सीट मिळते, रीडिंग सवलतीत मिळत नाही."

चार-पाच जण हसले. आतापर्यंत मी स्वतःला सांगत आलो की मी हसलो नव्हतो. हसलो होतो.

तिच्याकडून लिहून घेतलं की आकडे मी मनाने लिहिले, मला क्षमा करावी. तिची वही सरांनी सगळ्यांसमोर फाडली. मधोमध नाही, एकेक पान. पानं खाली पडत होती आणि आबा ती वेचत होते, कारण लॅबमधला कागद उचलणं हे त्यांचं काम होतं. पुढच्या सोमवारी तिने कॉलेज सोडलं. जाताना जिन्यात मी समोर आलो. ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. अहिराणीत म्हणाली, "तुमले माहीत शे." तुम्हाला माहीत आहे, इतकंच. आणि उतरून गेली.

माझ्या प्रबंधावर त्याच आठवड्यात सही झाली.

दोनेक महिने गेले असतील. मी प्रबंधाच्या बांधणीसाठी अजून धुळ्यातच होतो. एक दिवस दुपारी आबा लॅबमध्ये स्टुलावर बसून चहाबरोबर गोळी घेताना दिसले. पाकीट मी ओळखलं. आमचंच औषध.

"आबा, हे कुणी दिलं?"

"गुडघा दुखस ना भाऊ. डॉक्टरनी दिधी. चार दिन व्हयनात." ते हसले. "आपलीच बाटलीमधलं शे का?"

मी पण हसलो. हो म्हणालो. त्यांच्या हिरड्यांशी रक्ताची बारीक रेघ होती, ती मला दिसली. मनात सात हा आकडा आला. दहात एक, म्हटलं. दहात एकच तर शक्यता. ग्रंथालयातला क्लार्क असेल, आठांपैकी कुणी असेल, मी स्वतः असेन. आबांना फक्त एवढं सांगायचं होतं की ही गोळी आजच्या दिवस थांबवा. कारण विचारलं असतं तर मात्र... कारण माझ्या वहीत होतं, आणि त्यावर माझी सही होती.

मी माझ्या टेबलाकडे वळलो.

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला आबा हातातला ट्रे घेऊन चालता चालता थांबले, ट्रे नीट टेबलावर ठेवला, काचेचं काही फुटू दिलं नाही, आणि बेसिनमध्ये वाकले. बेसिन लाल झालं. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू होती का?" मी नाव सांगितलं, डोस सांगितला. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा डोसने असं होत नाही हो. दुसरं काहीतरी असणार." ते दुसरं काहीतरी शोधत राहिले. मी बाकावर बसून होतो. 'यांच्या रक्तात हे औषध चिकटतच नाही,' हे एक वाक्य माझ्या तोंडात होतं. तीन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी मी धीर करून सरांकडे गेलो आणि पाकीट उघडा म्हणालो.

सरांनी वरही पाहिलं नाही. "कशाला? सात नंबर तर तूच नॉर्मल काढलास."

चौथ्या दिवशी दुपारी आबा गेले. शेवटी त्यांना जिथे जिथे सुई टोचली होती, तिथून तिथून रक्त येत होतं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून पोटातला अल्सर लिहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात सरांनी पाकीट उघडलं. आबांसाठी नाही. पेपर लिहायचा होता, त्यात वय आणि वजनाचा तक्ता द्यावा लागतो. ते एकेक नाव वाचत होते, मी लिहून घेत होतो. "पाच, मधुकर. सहा, तू. सात... अरे, आपला आबा. बिचारा. लिही, सरासरी एक्क्याण्णव पॉइंट आठ."

मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, हेही सांगतो.

पण त्या रात्रीपासून मला अन्न गोड लागेना. मी ठरवलं की पुरावा काढायचा. सात नंबरच्या बाटलीत अजून सीरम शिल्लक होतं. ते परत मोजायचं, शून्य आला की तो आकडा घेऊन आधी प्राचार्यांकडे आणि मग आबांच्या घरी जायचं. नोकरी गेली तर गेली. हे मी खरंच ठरवलं होतं, अगदी देवाशपथ, जरी मी देव मानत नाही. रविवारी सकाळी लॅबची किल्ली घेतली. फ्रीजर उघडला, सात नंबरची बाटली बाहेर काढली. वंदनाच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच होती. तीन पिशव्या भरल्या. गाठी मीच मारल्या. पहिल्यांदाच त्या गळल्या नाहीत. पिशव्या टबात सोडल्या आणि खोलीवर गेलो.

सोमवारी सकाळी साडेसातला मशीन सुरू केलं. लॅबमध्ये मी एकटा होतो, बाहेर लख्ख ऊन. पहिल्या पिशवीच्या बाहेरचं पाणी घातलं. आकडा आला पॉइंट एकशे एकतीस.

काहीच चिकटलं नसतं तर बाहेरच्या पाण्याचा आकडा कितीतरी मोठा यायला हवा होता. मला वाटलं, मीच औषध कमी घातलं असेल. दुसरं घातलं. पॉइंट एकशे वीस.

तिसरं घालायच्या आधी मी वही उघडली. ती जुनी वही. शुक्रवारच्या सेमिनारची. पान समोर ठेवलं आणि मग तिसरी नळी मशीनमध्ये घातली. मशीनच्या काचेवर तीन लाल अंक जरा हलले आणि थांबले. पॉइंट एकशे तेवीस.

जे आकडे मी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता बनवले होते तेच. त्याच क्रमाने. फरक दिसावा म्हणून जो खोटा फरक ठेवला होता, तोसुद्धा.

ज्यांनी असं काम केलं आहे त्यांना सांगायला नको... एकाच बाटलीतून, एकाच दिवशी, एकाच हाताने लावलेल्या पिशव्यांचे आकडेसुद्धा शेवटच्या अंकापर्यंत परत कधी येत नाहीत. इथे तर मोजलेले आकडेच नव्हते. मनातून काढलेले होते.

मी मशीन बंद करून चालू केलं. परत तेच. मशीन चुकत असेल म्हणून बाकीच्या बाटल्यांतल्या दोन रात्रभर लावून दुसऱ्या सकाळी बघितल्या, त्यांचे आकडे वंदनाच्या आकड्यांच्या आसपास आले, पण थोडे वेगळे, जसे यायला हवेत तसे. मग दुपारी एका मित्राला काही न सांगता सात नंबर लावायला दिला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मस्त आलाय, एक्क्याण्णव-ब्याण्णव. काय प्रॉब्लेम होता?"

मी म्हणालो, काही नाही.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, लाइट गेली असेल, फ्रीजर वितळला असेल. जायची, रोज जायची. पण वितळून गोठलेलं प्रथिन बिघडतं, सुधारत नाही. कुणी बाटली बदलली म्हणावं, तर चिठ्ठी तीच, अक्षर तेच, आणि बदलून कुणाला काय मिळणार होतं? आधीचे सात प्रयोग चुकले म्हणावं, तर त्यातले तीन मी स्वतः केले होते. आणि हे सगळं मान्य केलं तरी ते तीन आकडे उरतातच. त्यांचं काय करायचं? मी इतकंच सांगू शकतो की आबा जिवंत होते तोपर्यंत त्यांच्या रक्ताने काही धरलं नाही. ते गेल्यावर बाटलीतल्या चमचाभर रक्ताने धरायला सुरुवात केली, आणि धरलं ते माझ्या खोट्याइतकंच, ना कमी ना जास्त.

त्या दिवसापासून माझ्याजवळ पुरावा नव्हता. असलाच तर माझ्या बाजूने होता. प्राचार्यांकडे जाऊन काय सांगणार? मी खोटं लिहिलं होतं, पण ते खरं निघालं?

मी जळगावला नोकरीला लागलो. लग्न झालं. पाचसहा वर्षांनी कळलं की वंदना पिंपळनेरला असते, रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवते. मी गेलो. एसटी स्टँडच्या मागे एका गाळ्यात बसली होती. समोर बाकावर डोंगराकडून खाली आलेली दोन-तीन माणसं थांबलेली. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. माणसं गेल्यावर मी सगळं सांगितलं. शून्य आलेलं, कॅन्टीन, आबा, पाकीट, रविवारची बाटली.

ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता काचेच्या पट्ट्या पुसून डब्यात लावत होती.

"म्हणजे सुभाषभाऊ, त्यानंतर कुणी मोजलं असतं तर मीच खोटी ठरले असते."

"हो."

"तर मग हे मला सांगून तुम्ही काय दिलंत मला?"

तिने पुढची पट्टी उचलली.

"सात नंबर आबा होते हे मला आज कळलं," ती म्हणाली. "मी तेव्हा माझ्या नावासाठी भांडले नव्हते. आबांच्या घरी सांगितलं?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलात? मी माफ करीन म्हणून?" तिने डबा बंद केला. "मी नाही करत. आणि पुढची गाडी साडेतीनची आहे."

मी साडेतीनची गाडी धरली. धुळ्यात उतरलो, रात्र एका जुन्या मित्राकडे काढली आणि सकाळी शिंदखेड्याच्या गाडीत बसलो. आबांचं गाव मुख्य रस्त्यापासून आत आहे, दोन कोस चालत गेलो. घर सापडलं. आबांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणतं. मी नाव सांगितल्यावर त्यांना ओळख पटली.

"तुम्ही सुभाषभाऊ का? त्या सांगेत तुमनं नाव. दवाखानामां तुम्हीच बठेल व्हतात ना चार दिन?"

त्यांनी मला खाली बसू दिलं नाही, खाट ओढून दिली. दादर ज्वारीची भाकरी केली, वर तेल-चटणी. मी नको म्हणत होतो, त्या ऐकत नव्हत्या. कॉलेजातून नंतर कुणीच आलं नाही, म्हणाल्या. सरही नाही. तुम्हीच तेवढे आलात.

मी भाकरी खाल्ली. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, एसटीत दहा वेळा घोकलं होतं. मी पाणी प्यालो आणि तोंड उघडलं. तेवढ्यात अक्कांनीच विचारलं.

"भाऊ, तुम्ही शिकेल माणूस शेत. डॉक्टरनी माले काही नीट सांगं नही. त्यासले व्हयनं तरी काय? गुडघानी गोळीवर माणूस मरस का?"

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. उत्तराची वाट बघत होत्या. आपल्या नवऱ्याबरोबर काम केलेला, शिकलेला, दवाखान्यात चार दिवस बसलेला माणूस आज इतक्या वर्षांनी दारात आला आहे, तो सांगेल.

मी म्हणालो, "माहीत नाही अक्का. मलाही कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग आणखी अर्धी भाकरी वाढायला उठल्या.

अक्का पुढे वारल्या. सरही गेले, त्यांच्या फोटोला कॉलेजात हार असतो म्हणतात. त्या पेपरातल्या तक्त्यात सात नंबरपुढे अजून एक्क्याण्णव पॉइंट आठ छापलेलं आहे. त्या बाटलीत काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर कळवा. अक्कांनी मात्र मला बाटलीचं विचारलं नव्हतं. त्यांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मला माहीत होतं.